मुद्देमालातले देव

आत्याचा फोन आला की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. माझी नोकरी, बाबांची साखर, आईचा गुडघा असं सगळं विचारून झालं की ती जरा थांबायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "देव बरे आहेत ना गे?" आमच्या घरी कोणी आजारी माणूस आणून ठेवलं आहे आणि त्याच्यासमोर मोठ्यानं विचारणं बरं नाही, असा तो आवाज असायचा. मी "हो, बरे आहेत" म्हणायचे. ती "सरी", म्हणजे बरं, असं म्हणून फोन ठेवायची. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी तिच्या नावानं फोन वाजला, पण बोलत होत्या वसंता मामी, तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात नुकतीच जागेवर बसले होते. मामी तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "कण्णा, बाबांना घेऊन ये. घाई करू नको." घाई करू नको, यावरूनच मला कळलं...

तिचं नाव राजलक्ष्मी. बाबा तिला अक्का म्हणायचे, वेस्ट मांबलमला ती राहायची त्या गल्लीत ती राजी मॅडम होती. तीसेक वर्षं तिनं गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्टचं काम केलं. तिथं पंपांचे सुटे भाग बनायचे आणि तिच्या साडीला कायम यंत्राच्या तेलाचा पुसट वास यायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते आमच्या घरात कोणी सांगितलं नाही, आणि ते विचारायचं नसतं हे मला लहानपणीच समजलं होतं. आमचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलेलं. माझी आई मात्र नाशिकची. त्यामुळे मी लिहिते ते मराठी आईचं आहे. आत्याचं मराठी वेगळंच होतं, जुनं, तमिळच्या चालीवर चालणारं, मध्येच तमिळमध्ये शिरून परत येणारं. ते मला हुबेहूब लिहिता येणार नाही. तिचा "गे" तेवढा जसाच्या तसा ठेवते आहे.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते आणि त्यांच्या बदल्या उत्तरेकडे व्हायच्या. देव बदलीच्या सामानात न्यायचे नाहीत, असं माझ्या आजोबांचं म्हणणं होतं. म्हणून आजोबा गेल्यावर घरचे देव आत्याकडेच राहिले. देव म्हणजे तीन टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या, तळहातात मावतील एवढ्या मूर्ती. एक घोड्यावरचा खंडोबा, एक भवानी, आणि तिसरा तलवार घेतलेला एक पुरुष. तो देव नव्हता. आमच्या घराण्यातला कोणीतरी लढाईत किंवा वाटेत मेला होता, त्याच्या नावानं केलेला टाक होता तो. नाव मात्र कोणालाच माहीत नव्हतं. आत्या त्याला नुसतं "वीर" म्हणायची, आणि नैवेद्य दाखवताना त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायची. नाव विसरलं म्हणून त्याला वाईट वाटू नये, असं तिचं कारण होतं.

मी कॉलेजसाठी चेन्नईला आले आणि तिच्याकडे राहू लागले, तेव्हा मला कोणाशीच नीट बोलता येत नव्हतं. शाळा सगळी इंग्रजीत झालेली, घरी आईचं मराठी, वसाहतीत हिंदी, आणि इथे बाहेर पडलं की तमिळ. आत्यानं मला कधी "बोल गे" म्हटलं नाही. सकाळी ती पूजा करायची आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कॉफीचा पेला घेऊन बसायचे. भिंतीतल्या दोन दारांच्या कपाटात देव होते. ती एकेक टाक ताम्हनात घ्यायची, पाणी घालून अंगठ्यानं चोळायची, पुसायची, तांदळांवर ठेवायची. तोंडानं स्तोत्र वगैरे काही नसायचं. ती त्यांच्याशी साधंच बोलायची. "आज पाणी कमी आहे, चालवून घ्या." "हिची परीक्षा आहे, लक्ष असू द्या. अभ्यास ती करील." लांबून मांबलम स्टेशनातल्या गाड्यांचा आवाज यायचा. मला त्या घरात पहिल्यांदा कुठेतरी बसल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी आम्ही दोघी तंजावरला एका लग्नाला गेलो आणि परत आलो तर दाराची कडी वाकवलेली होती. मिक्सर गेला होता, समया गेल्या होत्या, पितळेचे डबे गेले होते. आत्या त्यातलं काहीही न बघता सरळ कपाटापाशी गेली. दोन्ही दारं सताड उघडी होती. ताम्हनसुद्धा नव्हतं. तांदूळ मात्र तसेच होते, आणि त्यांच्यावर तीन खळगे. तिनं दारं हळूच लावली आणि जमिनीवर बसली. पोलीस स्टेशनात तक्रार लिहिणाऱ्या हवालदारानं लिहिलं, "चांदीच्या लहान प्लेटी, तीन." आत्या म्हणाली, "प्लेटी नव्हेत, सामी आहेत, देव." त्यानं वजन विचारलं. तिला वजन माहीत नव्हतं. "किती वर्षं घरात आहेत म्हणता, आणि वजन माहीत नाही?" तो म्हणाला. आत्यानं त्याला विचारलं, "तुमच्या आईचं वजन ठाऊक आहे का तुम्हाला?" तो हसला, आणि "अंदाजे" असं लिहून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या टोकाच्या नाट्टु मरुंदु दुकानात गेली. झाडपाल्याची औषधं, सुंठ, हळकुंडं विकणारं जुनं दुकान. इकडे पानाबरोबर कातरलेलीच सुपारी खातात, अख्खी सुपारी अशाच दुकानात मिळते. तिनं निवडून तीन सुपाऱ्या आणल्या आणि तांदळांवरच्या तीन खळग्यांत ठेवल्या. जो हजर नाही त्याच्या जागी सुपारी मांडायची, ही आपल्याकडची रीत मला तेव्हा माहीत नव्हती. ती म्हणाली, "खुर्चीवर रुमाल टाकून जात नाहीत का? तसंच. येईपर्यंत जागा धरायची." पहिल्या दिवशी त्यांना आंघोळ घातली तेव्हा पाणी तांबूस झालं. मला ते बघवेना. ती म्हणाली, "नवे आहेत गे. रंग सुटेल थोडे दिवस. घराची सवय व्हायची आहे अजून."

काही महिन्यांनी चोर दुसऱ्याच एका चोरीत पकडला गेला आणि एका गहाणवाल्याकडे आमचे टाक सापडले. इतक्या पातळ चांदीला काय वितळवायचं म्हणून त्यानं ते एका डब्यात टाकून ठेवले होते. पोलिसांनी आत्याला ओळख पटवायला बोलावलं. तिनं लांबूनच ओळखलं. खंडोबाच्या घोड्याचं तोंड झिजून सपाट झालेलं, भवानीच्या एका हाताखाली बारीक भोक, वीराचा एक कोपरा दुमडलेला. तिनं हात पुढे केला तर तिथला अधिकारी म्हणाला, "अम्मा, आता नाही. हा कोर्टाचा मुद्देमाल आहे." कापडात बांधून, लाखेचं सील लावून देव कोर्टात गेले. परत येताना ती बसमध्ये म्हणाली, "आंघोळ नाही, पाणी नाही... त्या डब्यात काय काय असेल त्यांच्या शेजारी."

खटला संपेपर्यंत थांबायची गरज नव्हती, हे मला नंतर समजलं. आपली वस्तू आधी ताब्यात मिळावी असा अर्ज मालकाला करता येतो. ओळखीच्या एका वकीलबाईंनी तसा अर्ज तयारही केला होता. आत्यानं तो इंग्रजी अर्ज स्वतः नीट वाचला. टायपिस्टच ती. त्यात एक चूकही काढली. पण सही करेना. अर्जात लिहिलं होतं की सदर वस्तूंची मी मालक आहे, आणि हे मी शपथेवर सांगते. "हे खोटं आहे," ती म्हणाली. देव मुलाकडे जातात. लेक परक्या घरची. ती परक्या घरी गेली नाही म्हणून देव तिचे होत नाहीत. ते बाबूचे, म्हणजे माझ्या बाबांचे, ती फक्त सांभाळते. वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, ही नुसती कायद्याची भाषा आहे." आत्या म्हणाली, "म्हणूनच. कायद्यात खोटं कसं लिहू?" बाबांनी येऊन सही करावी असं ठरलं. पण बाबांना रजा मिळेना, मग आईचं ऑपरेशन निघालं, मग तारीखच लागली...

साक्षीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपी दोन पोलिसांबरोबर बाकावर बसला होता. माझ्याहून फार मोठा नव्हता. आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ही काय बोलणार. तिनं विचारलं, "तुमचं कुलदैवत कोण?" एक पोलीस फस्सकन हसला. तो मुलगा खाली बघत म्हणाला, "अंगाळम्मन." "वर्षातून एकदा तरी जाता का?" त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "देव असलेल्या घरातला आहे." ती हे त्याच्या बाजूनं म्हणाली की विरुद्ध, मला अजून ठरवता येत नाही.

पिंजऱ्यात ती अगदी ताठ उभी होती. सील फोडून टाक तिच्यासमोर एका ट्रेमध्ये ठेवले. तिनं तिन्ही ओळखले, खुणा सांगितल्या. तिथवर सगळं ठीक होतं. मग सरकारी वकिलांनी साधाच, शेवटचा प्रश्न विचारला, "या वस्तू तुमच्याच ना?" आणि आत्या म्हणाली, "नाहीत."

आरोपीचा वकील उठून उभाच राहिला. सरकारी वकील म्हणाले, "अम्मा, प्रश्न नीट ऐका. आत्ताच तर ओळखल्यात तुम्ही." न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात विचारलं, "घाबरू नका. या कोणाच्या आहेत?" आत्या म्हणाली, "माझ्या भावाचे देव आहेत. वडिलांनंतर त्याचे." "मग तुमच्याकडे कसे?" "तो फिरतीवर असतो. मी त्यांना आंघोळ घालते." मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. पिंजऱ्यातून उतरताना आत्यानं ट्रेकडे एकदा पाहिलं. टाक उघडेच पडले होते, पंख्याच्या वाऱ्यात. तिनं शिपायाला सांगितलं, "निदान पालथे नका ठेवू."

चोरीच्या खटल्याला तिच्या त्या उत्तरानं काही धक्का लागला नाही. मुलाला शिक्षा झाली. निकालपत्रात शेवटी मुद्देमालाविषयी दोन ओळी होत्या. साक्षीदार बाईंनी स्वतःच कबूल केल्याप्रमाणे या वस्तूंचे मालक त्यांचे भाऊ आहेत, सबब त्या भावाला परत देण्यात याव्यात. तोवर मी नोकरीला लागले होते आणि बाबा निवृत्त होऊन चेन्नईला आले होते. शोळिंगनल्लूरला आम्ही फ्लॅट घेतला होता. देव परत मिळण्याच्या दिवशी आत्या तिची मोरपंखी रेशमी साडी नेसून आली. पिशवीत नवं ताम्हन, तांब्यात पाणी, कण्हेरीची फुलं, आणि देव गुंडाळायला कोरं कापड. कारकुनानं बाबांचं ओळखपत्र पाहिलं, बाबांची सही घेतली आणि पुडकं बाबांच्या हातात दिलं. आत्यानं कापड पुढे केलं. पण बाबा हमीपत्र वाचत होते. या वस्तू विकू नयेत, त्यात बदल करू नये, कोर्टानं मागितल्यास हजर कराव्यात. बाबांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर सरकारी कागद वाचलेला माणूस. मग म्हणाले, "अक्का, तो मुलगा अपील करणार म्हणतात. अपील संपेपर्यंत लॉकरमध्ये ठेवू या. तुझी कडी अजून तशीच आहे." आत्या म्हणाली, "सरी." फुलं तिनं कोर्टाच्या आवारातल्या पिंपळाखालच्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला वाहिली, आणि ताम्हन तसंच परत नेलं.

मी बाबांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना खरंच वाटलं की ते तिच्यावरचा भार कमी करताहेत. आणि ती कधी काही मागायचीच नाही. कोर्टासमोर जे सांगून बसली ते भावासमोर फिरवणं तिला जमणारं नव्हतं. चंपाषष्ठीला मात्र तिनं बाबांना लॉकर उघडायला लावला. खंडोबाचा दिवस, त्या दिवशी वांग्याच्या भरिताचा नैवेद्य असतो. आम्ही तिघं बँकेच्या त्या थंड खोलीत उभे होतो. पाणी चालणार नाही, निरांजन तर नाहीच, असं लॉकरच्या अधिकाऱ्यानं आधीच बजावलं होतं. आत्यानं कापड सोडलं, कोरड्या बोटानं तिघांना हळद लावली, आणि पिशवीतून भरिताची बारकी डबी काढली. अधिकारी दारातून नाक वर करत म्हणाला, "काय वास येतोय? अम्मा, बँकेत हॉटेल उघडता की काय?" बाबा ओशाळले. आत्या म्हणाली, "झालंच. जेवायला किती वेळ लागतो त्यांना?" मग डबी बंद केली, कापड बांधलं, आणि बंद होणाऱ्या त्या लोखंडी दाराशी वाकून हळूच म्हणाली, "थोडेच दिवस." इस्पितळात माणसाला सोडून निघताना म्हणतात तसं.

अपील फेटाळलं गेलं तेव्हा मला वाटलं, आता देव मांबलमला जाणार. पण आईनं आमच्या फ्लॅटमध्ये सागवानी देव्हारा करून घेतला होता. आई मनानं वाईट नाही. तिच्यासाठी हे सरळ होतं, देव मुलाच्या घरी येणार, आणि इतकी वर्षं उपाशी राहिलेत तर थाटानं येणार. गुरुजी बोलावले, होम झाला. आत्या सकाळीच आली होती. तिला पुढे पाटावर बसवलं, पण पाणी घालायला बाबांना बोलावलं, पुसायला आईला. बाबा टाक चोळताना अवघडत होते. आत्याचा अंगठा तिच्या मांडीवर आपोआप हलत होता. ते तिला कळत नव्हतं बहुतेक... निघताना आईनं तिला कुंकू लावलं आणि खणानारळानं तिची ओटी भरली. "घरची लेक आलीय, रिकामी कशी पाठवू?" आई म्हणाली. आत्यानं पदर पुढे केला. तिला सोडायला मी टॅक्सीत बरोबर होते. वेलाचेरीच्या पुलावर गाडी अडकली होती. तिच्या मांडीवर नारळ होता आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. मग म्हणाली, "खण चांगला आहे गे. तुझ्या आईची निवड चांगली."

देव जागेवर आले की सुपाऱ्यांचं काम संपतं. त्या पाण्यात सोडायच्या असतात. पुढच्या रविवारी मी मांबलमला गेले तर ती उंबऱ्याकडे पाठ करून बसली होती, समोर ताम्हन, आणि ताम्हनात सुपारी. तोवर तिन्ही सुपाऱ्या काळपट, गुळगुळीत झाल्या होत्या. वीराच्या जागेवरचीला बारीक चीर गेली होती, कारण ती नीट वाळायची नाही. मी म्हणाले, "आत्या, देव तर आमच्याकडे आलेत ना?" ती चोळतच राहिली. म्हणाली, "आलेत की. ते बाबूचे." मग सुपारी फडक्यात घेतली, मुलाच्या कानामागे पुसावं तशी पुसली, आणि म्हणाली, "हे माझे. मी दुकानातून आणलेत. निवडून आणलेत. आता बोलवा म्हणावं मला कोर्टात."

आणि ती हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. तरी फोन ठेवताना "देव बरे आहेत ना गे" हे तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्या सकाळी बाबा आणि मी पोहोचलो तेव्हा वसंता मामींनी तिला गादीवर निजवलं होतं. कॉफी प्यायला वर बोलावलं होतं तिनं मामींना, आणि मामी आल्या तर ही खुर्चीत मान टेकून... मामी पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. बाबा सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेले. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती. ताम्हनात पाणी होतं, अजून टाकलेलं नव्हतं. तांदळांवर तीन सुपाऱ्या, ओली हळद लावलेल्या. बाबा बघत राहिले. "या अजून आहेत?" त्यांनी विचारलं. मी ती म्हणाली होती ते सांगितलं. ते बाबूचे, हे माझे. बाबा जमिनीवर बसले. म्हणाले, "मग कोर्टात का नाही म्हणाली माझे आहेत म्हणून? एक शब्द तर होता." त्यांनीच मग मान हलवली. "नाही म्हणणार ती. दोन्ही वेळा खरंच बोलली."

बाराव्याच्या दिवशी बाबांनी आमच्या घरचे टाक मांबलमला नेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कापडात गुंडाळून, तिनं कोर्टात आणलेल्या त्याच कोऱ्या कापडात, जे तिनं घडी करून जपून ठेवलं होतं. कपाटात सुपाऱ्यांच्या मागे त्यांनी ते उभे केले. त्यांना स्वतः आंघोळ घातली, वाकून, धापा टाकत. संध्याकाळी परत आणले. आई म्हणाली, "असे हलवतात का देव?" बाबा म्हणाले, "एक दिवस राहून आले." गुरुजींचं म्हणणं होतं की सुपाऱ्या आता समुद्रात सोडाव्यात. बाबांनी त्यांना उत्तर दिलं ते ऐकून मला रडू आणि हसू एकदमच आलं. ते म्हणाले, "त्या माझ्या ताब्यात नाहीत. मला अधिकार नाही." मग ते माझ्याकडे बघत राहिले. मी आत्याची स्टीलची बारकी डबी घेतली, भरिताची ती, आणि सुपाऱ्या तिच्यात ठेवून डबी ऑफिसच्या बॅगेत टाकली. कोणी अडवलं नाही. सुपाऱ्याच त्या.

मांबलमचं घर मालकाला परत द्यायचं होतं, म्हणून मागच्या शनिवारी मी शेवटची तिथं गेले. कपाट रिकामं होतं. लाकडावर हळदीचा डाग होता, तो पुसायला मी फडकं ओलं केलं आणि मग पुसला नाही. आमच्या घराण्यात जे गेले त्यांच्यातल्या एकाचा टाक झाला, नाव कोणाला ठाऊक नसूनही. लेकीचा टाक कोणी करत नाही, तशी रीतच नाही. आत्यानंच मला हे सांगितलं असतं, आणि अगदी सहज सांगितलं असतं. परत जाताना मी गल्लीच्या टोकाच्या दुकानात थांबले. अख्खी सुपारी मागितली. दुकानदारानं मूठभर पुढ्यात ओतल्या. मी निवडायला बराच वेळ लावला. "एकच?" त्यानं विचारलं. "एकच," मी म्हणाले. "राजी मॅडमच्या घरच्या ना तुम्ही?" मी हो म्हणाले. त्यानं ती कागदात बांधून दिली.

माझ्या खोलीत खिडकीच्या फळीवर, लॅपटॉपच्या शेजारी एका वाटीत तांदूळ आहेत. त्यांच्यावर आता चार सुपाऱ्या असतात. बाहेरच्या खोलीत आईच्या देव्हाऱ्यात टाक आहेत. एका घरात दोन ठिकाणी देव नसावेत असं आई म्हणते, पण माझ्या खोलीत येऊन म्हणत नाही. मला काही मंत्र येत नाहीत. ऑफिसला निघायच्या आधी मी फक्त आंघोळ घालते आणि नीट पुसते, म्हणजे चीर वाढणार नाही. जुन्या तिघांचं पाणी स्वच्छ असतं. चौथीचं अजून तांबूस होतं... मी ते कुंडीत ओतते. नवी आहे. घराची सवय व्हायची आहे अजून.